मुशैरिब म्हणजे पाणी पिण्याची जागा : कतारच्या द्वीपकल्पाविषयी

पाणपोई

दोहा मेट्रोच्या तांबड्या, हिरव्या आणि सोनेरी या तिन्ही मार्गिका ज्या स्थानकात एकत्र येतात, त्याचे नाव मुशैरिब. मेट्रो सुरू झाल्यापासून मी जवळजवळ रोज तेथे गाडी बदलतो. पण नावाचा अर्थ विचारावा असे कधी सुचले नव्हते. कार्यालयातील एका वयस्क कतारी सहकाऱ्यांनी एकदा सहज सांगितले की मुशैरिब म्हणजे पाणी पिण्याची जागा. आज जेथे वातानुकूलित फलाट आहेत, तेथून पूर्वी पावसाळी ओहोळ समुद्राकडे जात असे आणि त्याच्या काठी गोड्या पाण्याची विहीर होती. त्या दिवसापासून मी या शहराच्या पाट्या वेगळ्या नजरेने वाचू लागलो. ऐन खालिद म्हणजे खालिदचा झरा, रौदत अल-खैल म्हणजे घोड्यांचे कुरण, बीर म्हणजे विहीर, खोर म्हणजे खाडी, रास म्हणजे भूशिर. ज्या देशात एकही नदी नाही, त्याचा नकाशा पाण्याच्या नावांनी भरलेला आहे.

आपल्याकडे कतारविषयी बोलणे निघाले की ते तेल, वायू, उंच इमारती आणि २०२२चा फुटबॉल विश्वचषक यांपाशी थांबते, आणि त्याआधी तेथे नुसती वाळू होती असे गृहीत धरले जाते. ही समजूत चुकीची आहे असे मला वाटते, म्हणून या मंचावर हा धागा काढत आहे.

प्रथम जमिनीविषयी. अरबस्तानाच्या पूर्व किनाऱ्यावरून उत्तरेकडे आखातात शिरलेला हा अंगठ्यासारखा भूभाग सुमारे १६० किलोमीटर लांब आणि जेथे सर्वांत रुंद आहे तेथे ८० किलोमीटरच्या आसपास आहे. जमिनीवरची सीमा एकट्या सौदी अरेबियाशी; बाकी तिन्ही बाजूंना उथळ, अतिशय खारट समुद्र. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम १०३ मीटर, म्हणजे आपल्याकडे तिला कोणी टेकडीही म्हणणार नाही. वाळूच्या मोठ्या टेकड्या दक्षिणेला खोर अल-उदैदच्या बाजूस आहेत, तेथे समुद्राचे पाणी वाळूत आत शिरून तळ्यासारखे पसरते. उरलेला बराचसा प्रदेश चुनखडीचा, खडीने भरलेला, रंगाने मळकट पिवळा आहे. किनाऱ्यालगतच्या सखल खारपट जमिनीला येथे सब्खा म्हणतात. वरून कोरडी, खडबडीत दिसणारी ही जमीन पावसानंतर गाडी चाकापर्यंत गिळते.

वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे ७५ ते ८० मिलिमीटर. तोही दोन-चार सरींत पडून जातो. पण हे थोडेसे पाणी कोठे जाते यावर येथील सगळे जुने जीवन उभे होते. चुनखडीखालचे थर विरघळून जमीन जागोजागी खचली आहे आणि अशा शेकडो उथळ खळग्यांत पावसाबरोबर वाहून आलेली बारीक माती साचली आहे. या खळग्याला रौदा म्हणतात. दुरून पाहिले तर उघड्या माळावर अचानक हिरवा ठिपका दिसतो : चार-सहा बाभळीच्या जातीची झाडे, थोडे गवत, आणि एखादे सिद्र. हे सिद्र म्हणजे आपल्या बोरीचे सख्खे भावंड. पहिल्यांदा त्याची फळे खाल्ली तेव्हा ती चव ओळखायला क्षणही लागला नाही. खळग्यातून झिरपलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ भिंगासारखे तरंगते. उत्तरेत हे भिंग जाडसर, दक्षिणेत ते जवळजवळ नाही. म्हणून जुनी खेडी उत्तरेत आणि किनाऱ्याने दिसतात, आणि दक्षिणेत अल-मुर्रासारख्या उंटपाळ टोळ्या ऋतूप्रमाणे फिरत असत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे वायव्य किनाऱ्यावरचे अल-जुबारा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुवेतकडून आलेल्या उतूब घराण्यांनी वसवलेले हे मोत्यांच्या व्यापाराचे तटबंदी शहर १८११ साली जाळले गेले आणि पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. २०१३ साली ते कतारचे पहिले जागतिक वारसास्थळ झाले. पर्यटक १९३८ साली बांधलेल्या किल्ल्याचे छायाचित्र काढून परततात. मी म्हणेन की अवशेषांत उतरून पाहावे. त्या भरभराटीच्या शहराला स्वतःचे गोडे पाणी नव्हते. ते दीड-दोन किलोमीटर आतल्या विहिरींवरून आणावे लागे आणि त्या विहिरी राखण्यासाठी मुरैर नावाची वेगळी गढी बांधलेली होती. मोत्यांनी गबर झालेल्या शहराचा जीव असा गावाबाहेर अडकलेला होता.

त्याच अवशेषांत एका खोलीची जमीन पाहून मी बराच वेळ थांबलो. चुन्याने गुळगुळीत केलेल्या जमिनीवर समांतर नाल्या कोरल्यासारख्या, सगळ्यांचा उतार एका कोपऱ्याकडे, आणि कोपऱ्यात रांजण पुरण्याची जागा. हिला मद्बसा म्हणतात. खजुराची पोती या नाल्यांवर एकावर एक रचायची. वजनाने आणि उष्णतेने खजुरातून काकवीसारखा रस सुटतो, तो नाल्यांतून रांजणात जमा होतो. हाच रस, म्हणजे दिब्स. जळण नाही, यंत्र नाही. उन्हाळा हेच भांडवल.

समुद्राविषयी आणि मोत्यांविषयी लिहायचे राहिले आहे, पण तो विषय इतरांच्या अनुभवाने अधिक भरेल असे वाटते.

शिंपला

पाणपोई, लेख आवडला. मोत्यांचा विषय आपण सोडला आहे तर मी थोडे लिहितो. आमच्या घराण्यात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मुंबईत मोती विंधण्याचे काम चालत असे, त्यामुळे ऐकून माहिती आहे आणि पुढे मुद्दाम वाचनही केले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी केलेल्या नोंदींनुसार कतारची लोकसंख्या सुमारे २७,००० होती आणि त्यांतले जवळजवळ निम्मे लोक मोत्यांच्या धंद्यात होते. लहान मुले, वृद्ध आणि स्त्रिया वगळल्या तर उरलेला जवळजवळ प्रत्येक माणूस उन्हाळ्यात समुद्रावर होता असाच याचा अर्थ होतो. पालग्रेव्ह हा इंग्रज प्रवासी १८६०च्या दशकात तेथे गेला असता तेथील प्रमुख शेख मोहम्मद बिन थानी यांनी त्याला सांगितले होते की लहानापासून थोरापर्यंत आम्ही सारे एकाच धन्याचे गुलाम आहोत, आणि तो धनी म्हणजे मोती.

मोठा हंगाम जून ते सप्टेंबर असा, म्हणजे नेमका जिवाची काहिली करणाऱ्या महिन्यांत. कारण तेव्हाच पाणी उबदार असते. नावेच्या तांडेलाला नाखुदा म्हणत, बुडी मारणाऱ्याला घैस आणि त्याचा दोर धरणाऱ्याला सैब. घैस नाकाला कासवाच्या पाठीचा किंवा हाडाचा चिमटा लावी, गळ्यात जाळीची पिशवी अडकवी आणि पायाला दगड बांधून सरळ तळाशी जाई. दगड वर ओढला जाई. घैस मिनिटभर किंवा थोडा अधिक वेळ शिंपले गोळा करी आणि दोराला हिसका देई. दिवसभरात अशा कित्येक बुड्या होत. सकाळी थोडे खजूर आणि कॉफी, भरपेट जेवण मात्र सूर्यास्तानंतरच, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. शिंपले दुसऱ्या दिवशी पहाटे सर्वांसमक्ष, नाखुद्याच्या देखरेखीखाली एकत्र उघडले जात. त्यामुळे कोणता मोती कोणी आणला हे कोणालाच सांगता येत नसे. ही पद्धत चोरी टाळण्यासाठी होतीच, पण माझ्या मते भांडणे टाळण्यासाठी अधिक होती.

वल्ही मारताना आणि दोर ओढताना गाणारा नह्हाम नावेवर असे, आणि त्याला त्याचा मोबदला मिळे. गाणे हे तेथे मनोरंजनाचे नव्हे, कामाचे अवजार होते.

आता मुंबईचा धागा. मोती चाळणीतून आकारानुसार वेगळे केले जात आणि तव्वाश, म्हणजे मोत्यांचे व्यापारी, ते तांबड्या कापडात गुंडाळून मुंबईला आणत. मोती विंधणे, ओवणे आणि पुढे युरोपला पाठवणे हे सारे झवेरी बाजाराच्या परिसरात होई. मोत्यांची किंमत ‘चव’ या मापाने ठरे आणि हाच शब्द आखातातही चाले. परतताना जहाजांत तांदूळ, मसाले, कापड आणि मलबारचे सागवान जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोहात काही बनिया व्यापारीही होते. एवढेच नव्हे, तर १९६६पर्यंत कतारचे चलन रुपया होते. १९५९नंतर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटाच छापल्या होत्या.

कोरडवाहू

मी माण तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्याकडे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही आम्ही स्वतःला दुष्काळी म्हणवतो, तेव्हा पंच्याहत्तर मिलिमीटर हा आकडा वाचून क्षणभर गप्पच झालो. माझे दोन प्रश्न आहेत. गोड्या पाण्याचे ते तरंगते भिंग आज शिल्लक आहे का? आणि आज इतक्या लोकांना पाणी पुरते कसे?

पाणपोई

कोरडवाहू, आपल्याला उत्तर ऐकून नवल वाटणार नाही. पंप आल्यानंतर उत्तरेत शेते वाढली, उपसा पुनर्भरणाच्या कितीतरी पट झाला आणि खालचे खारे पाणी वर चढले. बऱ्याच विहिरी मचूळ झाल्या, काही शेते सोडून द्यावी लागली. आपल्याकडे बोअर आटते. येथे ती खारट होते. आटलेली बोअर चांगल्या पावसाळ्यात पुन्हा भरू शकते, खारावलेली मात्र सहजासहजी गोडी होत नाही, एवढा फरक.

नळाचे पाणी जवळजवळ सगळे समुद्राचे, क्षार काढून गोडे केलेले असते. १९५०च्या दशकापर्यंत मात्र घरोघरी पाणी पोहोचवणारा कंदरी होता. खांद्यावर आडवी काठी, दोन टोकांना दोन डबे. आपण ज्याला कावड म्हणतो तेच. आज वीज आणि पाणी पुरवणाऱ्या सरकारी संस्थेचे नाव कहरमा आहे. अरबीत कहरबा म्हणजे वीज आणि मा म्हणजे पाणी. नाव जोडलेले आहे कारण कामही जोडलेले आहे : वायू जाळून वीज करायची आणि त्याच केंद्रांत पाणी गोडे करायचे. साठवण मात्र फार तुटपुंजी होती. समुद्रात तेल सांडले किंवा लाल शेवाळाची लाट आली तर काही दिवसांतच शहर तहानेले राहील ही भीती खरी होती, म्हणून अवाढव्य काँक्रीटच्या टाक्यांचा प्रकल्प उभारून २०१८च्या अखेरीस त्याचे उद्घाटन झाले. मधल्या काळात, जून २०१७मध्ये, शेजाऱ्यांनी सीमा बंद केल्या होत्या आणि दुकानातले दूधही सौदीतून यायचे थांबले होते. तेव्हा विमानाने गाई आणल्याची बातमी आपण वाचली असेल. जगाने ती गमतीने वाचली. येथे रांगेत उभे असताना ती गमतीची वाटत नव्हती.

खाडीकाठ

मी दाभोळ खाडीकाठच्या कोकणी मुसलमान कुटुंबातली आहे. आमच्या गावातल्या निम्म्या घरांवरची कौले आखातातल्या पैशाने बदललेली आहेत. माझे मामू १९७०च्या दशकात दोहाला गेले आणि तीस वर्षांनी परतले. त्यांच्या तोंडून ऐकलेली दोहा शिंपला यांच्या मोत्यांच्या दोहाहून वेगळी आहे आणि आजच्या काचेच्या दोहाहूनही वेगळी आहे. ते सांगत की जुन्या घरांच्या खोल्या सगळ्या सारख्याच अरुंद असत. मला याचे कारण पुष्कळ उशिरा कळले. छपरासाठी लागणारे वासे पूर्व आफ्रिकेच्या खारफुटीतून जहाजाने येत. त्यांची लांबी तीन मीटरच्या आसपास, म्हणून खोलीची रुंदीही तेवढीच. आफ्रिकेतल्या झाडाने अरबस्तानातल्या माणसाची खोली मोजून दिली.

शिंपला यांच्या प्रतिसादात मात्र एक बाजू राहिली आहे. सर्वांसमक्ष शिंपले उघडण्याच्या पद्धतीचे कौतुक वाचताना कर्जाचा उल्लेख कोठेच दिसला नाही. हंगामापूर्वी नाखुदा सलफ, म्हणजे उचल, देई. हंगाम वाईट गेला की ती फिटत नसे, आणि पुढच्या वर्षी त्याच नाखुद्याच्या नावेवर जावे लागे. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय बुडी मारणाऱ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते आणि त्यांची कमाई धन्याकडे जाई. कतारमध्ये गुलामगिरी १९५२ साली कायद्याने संपली. मुशैरिबमध्येच बिन जल्मूद यांच्या जुन्या घरात यावरचे संग्रहालय आहे, आणि ते देशाने स्वतः उभारले आहे हे नोंदवण्यासारखे आहे.

शिंपला

खाडीकाठ, आपला आक्षेप मान्य आहे. मी विंधणाऱ्यांच्या घरातला असल्याने मोत्याकडे व्यापाऱ्याच्या बाजूने पाहण्याची सवय आहे. १९२९ची मंदी आणि त्याच सुमारास बाजारात आलेले जपानचे संवर्धित मोती यांनी हा धंदा मोडला तेव्हा मुंबईच्या बाजाराला फटका बसला, पण मुंबईला दुसरे धंदे होते. कतारला नव्हते. तेलाचा करार १९३५ साली झाला, दुखानला १९३९-४०मध्ये तेल लागले, आणि महायुद्धामुळे विहिरी बंद करून ठेवाव्या लागल्या. निर्यात सुरू व्हायला १९४९ची अखेर उजाडली. मधली वर्षे उपासमारीची होती. कितीतरी कुटुंबे द्वीपकल्प सोडून गेली आणि लोकसंख्या १६,००० पर्यंत उतरली असे सांगतात.

जुनी_दोरी

चर्चा उत्तम चालली आहे. मी नऊ वर्षे तेथे बांधकामाच्या देखरेखीचे काम केले. ‘कतारची माणसे’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणाविषयी बोलतो, हे एकदा स्पष्ट झाले पाहिजे. आज सुमारे तीस लाखांच्या वस्तीत कतारी नागरिक दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आहेत आणि परदेशी समाजांत भारतीयांचा समाज सर्वांत मोठा आहे. नागरिकांतही एकच रंग नाही : किनाऱ्यावरचे हदर, उंटांमागे फिरणारे बदू, इराणच्या किनाऱ्यावरून परतलेली अरब घराणी, मूळची इराणी घराणी आणि आफ्रिकी वंशाचे लोक.

आमच्या कामावर १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद असे. हा आजचा नियम २०२१पासूनचा, त्याआधीची वेळ याहून कमी होती. मी ज्या कंत्राटदाराकडे होतो तेथे पाळीची वही नियमानुसार भरली जाई आणि काम मात्र कधीकधी अकरापर्यंत चाले, हेही सांगितले पाहिजे. किमान वेतन २०२१मध्ये १,००० रियाल ठरले आणि नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट २०२०मध्ये गेली. पाणपोई यांनी पहिल्या लेखात उन्हाळ्याला भांडवल म्हटले आहे. ते खजुराच्या बाबतीत खरे असेल. सळया बांधणाऱ्याच्या बाबतीत नाही.

सुख एवढेच की टपरीवरचा चहा आपला होता. त्याला तेथे करक म्हणतात, आणि तो शब्द आपल्या ‘कडक’चाच आहे. वेलची घालून आटवलेला तो दुधाळ चहा कतारी लोक गाडीत बसून, हॉर्न वाजवून मागवतात.

पाणपोई

जुनी_दोरी, आपण जे लिहिले ते मी वातानुकूलित कार्यालयातून पाहिले नव्हते, आणि ‘भांडवल’ हा शब्द मी फार सहज वापरला हे मान्य करतो.

चहावरून कॉफी आठवली. करक रस्त्यावरचा, पण घरातले आतिथ्य कॉफीचे. ज्या सहकाऱ्यांचा मी सुरुवातीला उल्लेख केला, त्यांनी मला एकदा मजलिसमध्ये नेले. मजलिस म्हणजे घराच्या दर्शनी भागातली, वेगळ्या दाराची बैठक. शेजारी-पाजारी, नातलग, कामाचे लोक तेथे येऊन बसतात. मजलिस आणि अरबी कॉफी या दोन्हींची नोंद २०१५ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात झाली आहे. फिकट पिवळी, वेलचीची कॉफी बिनकानाच्या छोट्या कपात तळापुरतीच ओततात. मी नम्रपणे कप खाली धरून बसलो आणि वाढणारा पुन्हापुन्हा ओतत राहिला. पाचव्या कपानंतर सहकारी हसत म्हणाले की पुरे असेल तर मनगटाने कप दोनदा हलवा. तोपर्यंत रात्रीची झोप गेलेली होती.

कोरडवाहू

शेवटचा प्रश्न. पाऊस एवढाच असेल तर ऋतू कशावरून ओळखतात? आमच्याकडे मृग लागला की कळते.

पाणपोई

चांगला प्रश्न विचारलात. येथेही ताऱ्यावरूनच. ऑगस्टच्या २४ तारखेच्या आसपास पहाटे दक्षिण क्षितिजावर सुहैल दिसू लागतो आणि उन्हाळा उतरणीला लागला असे मानतात. दिवसाचा उकाडा लगेच कमी होत नाही, उलट दमटपणा छळतो. पण रात्री हळूहळू निवतात. हा सुहैल म्हणजे आपला अगस्ती. महाराष्ट्र दक्षिणेला असल्याने तो आपल्याकडे काही दिवस आधी उगवतो, आणि अगस्तीच्या उदयाने पाणी निवळते असे आपले जुने लोक मानत. ऑक्टोबरच्या मध्यापासून वस्म नावाचा पावसाचा काळ सुरू होतो. त्यात वेळेवर दोन सरी पडल्या, तर हिवाळ्यात माळरानावर जमिनीला बारीक तडा देऊन फगा नावाची भूछत्रे खालून वर येतात. बटाट्याएवढी, मातीच्या रंगाची. तडा ओळखता आला तरच सापडतात. सहकाऱ्यांबरोबर मी एकदा दिवसभर फिरलो. त्यांना अर्धी पिशवी मिळाली, मला एकही नाही.

घरात राहणाऱ्याला मात्र ऋतू नळावरून कळतो. मे महिन्यापासून गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की थंड पाण्याच्या तोटीखाली हात धरवत नाही. तेव्हा आम्ही गिझर बंद ठेवतो. बंद गिझर घराच्या आत असल्याने त्यातले पाणी निवते, आणि आंघोळीसाठी गरम पाण्याची तोटी सोडून थंड पाणी घेतो. ज्या दिवशी गिझरचे बटण पुन्हा चालू करावे लागते, तो आमचा हिवाळा. गेल्या वर्षी ते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चालू केले.